देवीच्या बरणीतली चारोळी

॥ श्री ॥

देडतलाई,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप मोतीकाका यांस,
वैजयंतीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुमच्या घरी बारा वर्षं राहून शिकले, त्यात तुमचा एक नियम पक्का पाठ झाला: फोन भाव विचारायला, घरचं सगळं कागदावर. म्हणून हे पत्र. तसाही इथे शाळेमागच्या टेकडीवर चढल्याशिवाय फोन लागत नाही. निलेश रोज सकाळी तुमच्या दुकानाचा मावा घेऊन बऱ्हाणपूरला निघतो, त्याच्याच हाती देते आहे. कागदाला डाग पडला तर तो त्याचा समजावा.

मी मजेत आहे. शाळा देडतलाईपासून आत, जंगलाच्या कडेला. दोन खोल्या, एकसष्ट मुलं, मी आणि एक हेडसर. हेडसर बहुतेक वेळ कागद पोचवायला तालुक्याला असतात. मुलं घरी कोरकू बोलतात, शाळेत हिंदी, आणि मी रागावून मराठीत बोलले की खूश होतात. स्वयंपाक मीच करते. वरण जमतं, भाकरीला अजून कोपरे येतात.

खरी बातमी पुढेच आहे. काका, मी चारोळीचं झाड पाहिलं. हसू नका. लहानपणी श्रीखंडावरची चारोळी वेचून ताटाखाली लपवायचे तेव्हा मला वाटायचं, ती तुमच्या दुकानातल्या डब्यातच तयार होते. इथे शाळेमागच्या टेकडीवर तिची झाडं आहेत, सध्या बारीक पांढुरक्या मोहराने भरलेली. झाडाला चार म्हणतात, फळाला चारं. पिकली की काळी होतात. मुलं वरचा गर खातात आणि आतली टणक बी फोडली की तुमची चारोळी निघते.

ज्यांच्या घरी मी भाड्याने राहते ते निंबादादा इथल्या वन समितीत आहेत. त्यांनी मला टेकडी फिरवून दाखवली. झाडं मोजून त्रेचाळीस. त्यांच्या लहानपणी कोणी मोजायच्या फंदात पडत नसे, इतकी होती. आणि आता यातलं सगळ्यात लहान झाडसुद्धा माझ्याहून मोठं, तीसेक वर्षांचं असेल म्हणाले. त्यानंतर एक रोप वर आलेलं नाही.

का, तर फळ पिकूच देत नाहीत. पूर्वी अखाजी, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया, उजाडल्याशिवाय चाराला हात लावायचा नाही अशी गावाची रीत होती. आता चैत्रातच हिरवी फळं ओरबाडतात, हात पोचला नाही तर फांदीच उतरवतात. हिरव्या फळातली बी उगवत नाही आणि तोडलेल्या फांदीला मोहर येत नाही. एकाने तोडलं की दुसरा थांबत नाही, कारण थांबणाऱ्याच्या वाट्याला नुसते देठ. असंच चाललं तर आणखी दहा वर्षांत टेकडी बोडकी होईल, असं निंबादादा अगदी शांतपणे म्हणाले. मला ते शांतपणे ऐकवलं नाही.

आणि ही सगळी घाई कशासाठी? बऱ्हाणपूरचा कोणी एक सेठ रामनवमीच्या आधी आलेल्या मालाला दुप्पट भाव देतो म्हणून. त्याने खरेदी केली की बाकीचे व्यापारी उतरतात. माल मधल्या माणसामार्फत जातो, त्यामुळे नाव इथे कोणालाच ठाऊक नाही. तुम्हाला तर बाजारातला उंदीरसुद्धा नावानिशी माहीत असतो. हा सेठ कोण ते कळवा. पुढच्या सुट्टीत मी त्याच्या दुकानावर जाऊन भांडणार आहे. विमलकाकूला सांगा, भांडून झालं की जेवायला घरीच येईन.

मोठ्यांना नमस्कार. माया आहे ती कमी होऊ देऊ नये.

आपली पुतणी,
वैजयंती

॥ श्री ॥

बुधवारा, बऱ्हाणपूर,
१६ फेब्रुवारी २०२५

चि. वैजयंतीस मोतीकाकाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. डाग निलेशचाच, मान्य. तुझ्या काकूला मोठ्याने वाचून दाखवलं. भाकरीच्या कोपऱ्यांना ती हसली. सेठचं आलं तेव्हा हसायची थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली.

तर त्या सेठचा पत्ता लिहून घे. बुधवारा, मिठाईचं दुकान, गल्ल्यावर पांढरी टोपी घातलेला जाडा माणूस. दुपारी दोन ते चार तो झोपतो, तेवढी वेळ सोडून कधीही भांडायला ये.

आता माझी बाजू ऐक. तुझे आजोबा दर चैत्रात रामनवमीला इच्छापूरला जाऊन इच्छादेवीला दराब्याच्या मिठाईचं ताट चढवायचे, त्यावर चारोळी पसरलेली. पहिली चारोळी देवीची, मग गिऱ्हाइकाची, असा त्यांचा शब्द होता. १९९४ च्या फाल्गुनात ते गेले. शेवटी बोलणं जवळजवळ बंद झालं होतं, तरी मला जवळ बोलावून एवढं म्हणाले की देवीच्या चारोळीचं विसरू नको. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा. चैत्र तोंडावर आणि नवी चारोळी बाजारात कुठेच नाही. पळापळ केली, दुप्पट पैसे मोजून तुझ्या देडतलाईकडूनच कोवळा माल आणवला आणि नवमीला ताट चढवलं. तेव्हापासून एकतीस चैत्र झाले, एक चुकला नाही. दुकान चाललं ते कोणाच्या कृपेने, हे तुला सांगायला नको.

मी खरेदी केली की बाजार म्हणतो, मोतीलालने घेतली म्हणजे हंगाम लागला. हे खरं आहे, पण त्याला मी काय करू? झाडांचं वाचून वाईट वाटलं. तरी बाबांनी देवीला दिलेला शब्द मोडणं माझ्याच्याने व्हायचं नाही. बाकी काहीही माग.

मुलांसाठी दराबा पाठवतो आहे. त्यावर चारोळी नाही. काकूने मुद्दाम काढायला लावली.

तब्येतीला जप, आणि रागावली असलीस तरी पत्र पाठवत जा.

तुझा काका (आणि तो सेठ),
मोतीलाल

॥ श्री ॥

देडतलाई,
२३ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप काकांस,
सा. न. वि. वि.

रागावले आहे, तरी दराबा गोड लागला. मुलांनी डबासुद्धा चाटला.

निंबादादांना सांगणं भागच होतं. सेठ माझे सख्खे काका आहेत आणि मी त्यांचंच मीठ खाऊन मोठी झाले, असं मान खाली घालून सांगितलं. ते इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. मग म्हणाले, बरं झालं, घरचं भांडण लवकर मिटतं. काका, त्यांचा हा विश्वास खोटा पाडू नका.

सोबत दोन पुड्या आहेत. दोन्हीतली चारोळी गेल्या सालची, निंबादादांनी राखलेल्या एकाच झाडाची. लाल दोऱ्याची पुडी हिरव्या फळांची, पांढऱ्या दोऱ्याची अखाजीनंतर काळ्या झालेल्या फळांची. निंबादादांनी दोन्हीच्या बिया वेगवेगळ्या वाफ्यांत लावूनही पाहिल्या. पिकलेल्या वाफ्यात रोपं आली, हिरव्या वाफ्यात गवत. मी मास्तरीण आहे, तुम्हाला चारोळीतलं काय शिकवणार? तुम्हीच तोंडात टाका आणि खरं काय ते लिहा.

होळीनंतरच्या रविवारी, १६ मार्चला, शाळेच्या ओट्यावर गावाची सभा आहे. अखाजीपर्यंत थांबायला लोक तयार आहेत, पण एका अटीवर. यंदा सेठची खरेदी आधी होणार नाही हे पक्कं कळलं पाहिजे. नाहीतर पहिला कोयता कोण उचलतो एवढाच प्रश्न उरतो. तुम्ही एक वर्ष थांबलात तर सगळे थांबतील. देवी आपल्या घरची आहे, तिला मी समजावीन.

धुरपदाआत्यालाही लिहिलं आहे. चहाडी म्हणा हवं तर. तुमच्या मोठ्या बहिणीशिवाय तुम्ही कोणाचं ऐकत नाही, हे काकूनेच मला शिकवलं.

रागातसुद्धा आपलीच,
वैजयंती

॥ श्री ॥

बुधवारा, बऱ्हाणपूर,
२ मार्च २०२५

चि. वैजयंतीस आशीर्वाद.

दोन्ही पुड्या उघडल्या. लाल दोऱ्याची तुरट, सुरकुतलेली, निम्मी चाळणीतून खाली पडणारी. पांढऱ्या दोऱ्याची भरलेली आणि गोड. यात मला नवीन काही नाही. म्हणूनच नवमीचं ताट झालं की उरलेला कोवळा माल मी दुकानात वापरत नाही, बाहेरगावी विकून टाकतो. हे इतकी वर्षं करत आलो, पण काल लिहायला बसलो तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं: गिऱ्हाइकाला गोड आणि देवीला तुरट. तेव्हापासून बरं वाटत नाहीये.

पण रीत ती रीत. परवा माळ्यावरून बाबांची चिनी मातीची बरणी काढली. त्यांच्या अक्षरातला कागद अजून चिकटलेला आहे, देवीची चारोळी, हात लावू नये. बाबा गेले तेव्हा ही बरणी गळ्यापर्यंत भरलेली होती, आदल्या सालच्या न फोडलेल्या बियांनी. आजारपणात माल फोडायचा राहून गेला असेल असं मला वाटलं. शिळा माल देवीपुढे कसा ठेवायचा? मी तो फोडून बर्फीत संपवला आणि नव्याच्या मागे धावलो. दुकान मी वाढवलं, पण बाबांच्या रीतीत कणभर इकडचं तिकडे केलं नाही. एवढं तरी तुझ्या आत्याला कळव, म्हणजे ती माझ्यावर ओरडणार नाही.

सभेला काय सांगायचं ते सांग. माझा पाय मात्र अडकलेला आहे.

तुझं भलं चिंतणारा,
मोतीकाका

॥ इच्छादेवी प्रसन्न ॥

इच्छापूर,
९ मार्च २०२५

चि. मोत्यास धुरपदाबाईचे आशीर्वाद.

पत्र अमृता लिहिते आहे. सुनेला मी बजावलं आहे, सांगेन तसंच लिही, गोड करू नको.

वैजूने तुझं पत्र माझ्याकडे पाठवलं. अमृताने वाचून दाखवलं तेव्हा मला आधी हसू आलं, मग रडू आलं, आणि मग तुझ्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटला. अरे, शिळा माल कसला? तीच तर देवीची चारोळी होती.

अखाजीला मी माहेरी यायची, आठवतं ना? त्याच दिवशी बाबा देडतलाईकडून पिकल्या चारांच्या बियांची गोणी आणायचे. गोणीचं तोंड सुटलं की पहिलं माप माझ्या हाती. मी बरणी भरायची, त्यात चार लवंगा टाकायची, वर फडकं बांधायची. मग बाजारात भाव कितीही चढो, लग्नसराईत कितीही ओढ लागो, त्या बरणीला हात नाही. वर्षभर सांभाळायची. चैत्रात नवमीच्या आदल्या दिवशी घरातल्या बायकांनी बिया फोडायच्या आणि ती चारोळी ताटावर घालायची. पहिली चारोळी देवीची ती अशी. बाबा म्हणायचे, देवीला घाई नसते, घाई माणसाला.

तुला ठाऊक नसायचं कारण तू दुकानाच्या पुढच्या भागात वाढलास आणि मी मागच्या. गल्ल्यावर बसणाऱ्याला बरणी कोण भरतं ते काय माहीत! बाबा गेल्यावर मला वाटलं, आता विमल भरत असेल. विमलला कोणी सांगितलंच नाही. मी इथे देवीच्या पायथ्याशी राहते, दरवर्षी तुझं ताट बघते, वर चारोळी बघते. मी तरी एकदा कुठे विचारलं? म्हणून धपाटा अर्धाच.

त्या वर्षीची पाव किलो बर्फी मीच घेऊन आले होते. देवीची चारोळी मी चहाबरोबर खाल्ली. ते पाप तुझ्या माथी.

आता तोंड लपवून बसू नको. वैजूच्या गावाला जा आणि आपल्या तोंडाने सांग. विमलला आशीर्वाद. तुझ्यावर जीव आहे म्हणून इतकं बोलले, हे ध्यानात असू दे.

तुझी ताई,
धुरपदा

ता. क. मामा, आईंनी गाढव हा शब्द तीन ठिकाणी सांगितला होता. मी एकाही ठिकाणी लिहिला नाही. – अमृता

॥ श्री ॥

बुधवारा, बऱ्हाणपूर,
१२ मार्च २०२५

चि. वैजयंतीस आशीर्वाद.

ताईचं पत्र सोबत ठेवतो आहे. अमृताने गाळलेला शब्द तीन नाही, तेरा ठिकाणी आहे असं समजून वाच.

काल दिवसभर गल्ल्यावर बसलो, पण गिऱ्हाइकाने जिलबी मागितली तर दराबा देत होतो. ज्या झाडांची पहिली बी बाबा वर्षभर हात न लावता ठेवायचे, त्याच झाडांवर मी त्यांच्या नावाने कोयता चालवला. तोही एकतीस वर्षं. मला फार वाईट वाटतं आहे, पोरी. काकूलाही वाटतं. तिला कोणी सांगितलं नाही, याचा राग तिने कालच्या वरणात काढला.

१६ तारखेला मी येतो. बाजारात सांगून टाकलं की यंदा अखाजीआधी मोतीलालकडे चारोळीचा काटा लागणार नाही. दोघे हसले. पलीकडच्या दुकानाच्या अक्षयने तब्येतीची चौकशी केली.

एक अडचण मात्र आहे. बरणी रिकामी आहे. यंदा नवमीला ताटावर काय ठेवू, ते मला कळत नाही.

येईपर्यंत सांभाळून राहा.

मोतीकाका

॥ श्री ॥

देडतलाई,
१७ मार्च २०२५

तीर्थस्वरूप आत्यास,
वैजूचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझं एक पत्र माझ्या महिनाभराच्या समजावण्यापेक्षा भारी पडलं. कालची हकीकत ऐक.

काका निलेशच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून आले. डोक्यावर कडक पांढरी टोपी, मांडीवर दराब्याचा डबा. ओट्यावर उभे राहून अर्ध्या हिंदीत, अर्ध्या मराठीत सगळं सांगितलं. काहीही झाकलं नाही. बर्फीचं आलं तेव्हा सगळा गाव हसला, तू पाव किलो नेल्याचंही त्यांनी सांगितलं, माफ कर. शेवटी म्हणाले की चूक माझी, तुमच्या झाडांची हानी झाली, आणि हात जोडले. मग कोणी हसलं नाही.

निंबादादांच्या शेजारच्या अलकाबाईंनी सरळ विचारलं, की उन्हाळ्यात हाती पैसा येतो तो या चारांचाच, आम्ही थांबायचं आणि पलीकडच्या गावाने तोडून न्यायचं, तर आमच्या पोरांनी खायचं काय? काकांनी टोपी सारखी केली. त्यांना बाजारात असे प्रश्न कोणी विचारत नाही. मग म्हणाले, दुप्पट भाव मी बंद करत नाही, त्याचा दिवस बदलतो. अखाजीला मी स्वतः काटा घेऊन येईन. काळ्या फळाची बी असेल तर दुप्पट, हिरवी असेल तर फुकटसुद्धा नको. अलकाबाईंनी ते सगळ्यांसमोर दोनदा वदवून घेतलं. राखणीसाठी घरटी एक दिवस पाळी ठरली. पाळीचा तक्ता माझी पाचवीची मुलं लिहिणार आहेत आणि त्यात मास्तरणीचीही पाळी आहे.

एक गंमत राहिली. निंबादादांची म्हातारी आई सबंध वेळ काकांच्या टोपीकडे बघत होती. सभा संपल्यावर काठी टेकत जवळ आली आणि कोरकूत म्हणाली की फार दिवस लावलेत. निंबादादा म्हणाले, तिला आता कमी दिसतं, ती कोणालाही ओळखते. काकांनी तिला वाकून नमस्कार केला आणि दराबा दिला. तिने तो पदराला बांधून ठेवला.

नवमीला काकांना सांभाळून घे. ते घाबरलेले आहेत, दाखवत नाहीत एवढंच.

तुझ्या धपाट्यांना पात्र,
वैजू

॥ श्री ॥

बुधवारा, बऱ्हाणपूर,
८ एप्रिल २०२५

चि. वैजयंतीस आशीर्वाद.

परवा नवमी झाली. ताट नेलं, दराबा कोरा. शेजारी बाबांची रिकामी बरणी ठेवली. पुजाऱ्यांनी दोन्हीकडे पाहिलं आणि यंदा चारोळी कशी नाही म्हणून विचारलं. मी काही बोलायच्या आत ताईने सांगितलं की भाऊ एकतीस वर्षांनी खरा नैवेद्य आणायला निघालाय, वाटेत आहे. पुजारी हसले आणि बरणीलाही कुंकू लावलं. मला डोळे पुसावे लागले. ताईने ते पाहिलं आणि धपाट्याऐवजी पदराचं टोक पुढे केलं.

अक्षयने कुठूनतरी दोन गोण्या कोवळा माल आणला होता. लोक आधी मला विचारायला आले, तुम्ही घेतली का? मी नाही म्हणालो. गोण्या अजून त्याच्या दारात आहेत. काल येऊन त्याने विचारलं की अखाजीला गाडीत दुसऱ्याला जागा आहे का.

राखणीची पाळी नीट करत जा.

मोतीकाका

॥ श्री ॥

देडतलाई,
४ मे २०२५

तीर्थस्वरूप विमलकाकूस,
सा. न. वि. वि.

तू दुकान सांभाळायला मागे राहिलीस, म्हणून अखाजीची हकीकत तुला. काका सांगतील त्यात त्यांचाच भाग जास्त असेल.

आधी वाईट सांगते. टेकडीच्या पलीकडच्या उतारावरची सहा झाडं पाडव्याच्या सुमारास कोणीतरी ओरबाडली, दोन झाडांच्या मोठ्या फांद्या गेल्या. त्या दिवशी राखणीची पाळी माझी होती आणि मी परीक्षेचे पेपर तपासत घरी बसले होते. कोणी मला एक शब्द बोललं नाही. अलकाबाईंनी पुढचे आठ दिवस माझी पाळी स्वतः केली आणि मला त्यांच्या चुलीपुढे भाकरी थापायला बसवलं. मला फार लाज वाटली. भाकरी मात्र आता गोल येते.

बाकीची सदतीस झाडं राहिली. काकू, फळं काळी झालेली मी पहिल्यांदा पाहिली. मुलांच्या जिभा जांभळ्या, शर्ट जांभळे, वह्या जांभळ्या. अखाजीला सकाळी सगळा गाव टोपल्या घेऊन टेकडीवर. फांदी तोडायची नाही, चादर धरून हलवायची. काका काटा घेऊन बसले, अक्षयभाऊ गोण्या धरायला. आत्याने आधी कोणालाच तोलू दिलं नाही. चोळून धुतलेल्या, दुपारच्या उन्हात वाळवलेल्या पहिल्या बिया तिने बरणीत भरल्या, चार लवंगा टाकल्या, फडकं बांधलं. मग म्हणाली, पुढच्या अखाजीला हे विमलने करायचं, नाहीतर पुन्हा कोणीतरी विसरेल. तुझं नाव सगळ्यांसमोर घेतलं आहे, आता सुटका नाही.

वेचलेल्यातल्या टपोऱ्या बिया निंबादादांनी रोपांसाठी बाजूला काढल्या आहेत.

कैरीचं लोणचं घातलंस की मला विसरू नको, आणि एरवीही.

तुझी,
वैजू

॥ इच्छादेवी प्रसन्न ॥

बुधवारा, बऱ्हाणपूर,
२९ मार्च २०२६

चि. वैजयंतीस मोतीकाकाचे आशीर्वाद.

तुला रजा मिळाली नाही म्हणून सगळं लिहितो. वर्षभर बरणी देवघरापाशी होती. दिवाळीत चारोळी बाजारातून गायब झाली तेव्हा कारागीर त्या बरणीकडे बघत होते आणि मी कारागिरांकडे. एकदा माझाच हात फडक्यावर गेला होता, काकूने बघितलं. हे तुझ्या आत्याला कळवू नको.

नवमीच्या आदल्या दिवशी आम्ही इच्छापूरला ताईकडे उतरलो. फडकं सोडलं तर घरभर लवंगेचा वास. ताई, अमृता आणि तुझी काकू जात्यावर बिया फोडत बसल्या. निम्मी बरणी झाली तशी ताईने जातं थांबवलं. उरलेल्या बिया फोडायच्या नाहीत म्हणाली. का ते विचारलं तर तिलाही सांगता येईना. बाबा निम्म्यावर हात धरायचे, एवढंच तिला आठवलं. त्या बिया ते देवीपुढे ठेवून परत आणायचे आणि अखाजीला गोणी आणायला निघाले की उपरण्यात बांधून न्यायचे. कुठे, कोणाला, ते तिने कधी विचारलं नाही. आपल्या घरात न विचारण्याची रीतसुद्धा जुनीच आहे.

ताट चढलं. गोड चारोळीचं, शेजारी त्या उरलेल्या बिया. तुला काय सांगू, मला बाबांसमोर उभं राहिल्यासारखं वाटलं.

त्या उरलेल्या बिया निलेशच्या हाती पाठवतो आहे. बाबा तुमच्याच बाजूला यायचे, म्हणजे कोणीतरी जुनं माणूस सांगू शकेल. जमलं तर विचार.

सर्वांना आशीर्वाद, आणि त्या म्हाताऱ्या आईंना माझा नमस्कार.

मोतीकाका

॥ श्री ॥

देडतलाई,
३ एप्रिल २०२६

तीर्थस्वरूप मोतीकाका यांस,
वैजयंतीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पुरचुंडी पोचली. निंबादादांच्या आईंपुढे ठेवली. त्यांनी बिया ओंजळीत घेतल्या, नाकाशी नेल्या आणि एकदम बोलायला लागल्या. त्या कोरकूत सांगत होत्या, निंबादादा मला हिंदीत सांगत होते, आणि मध्येच निंबादादा स्वतःच थांबत होते. ते लहानपणी आश्रमशाळेत होते, त्यांनाही हे नवीन होतं.

आई म्हणाल्या, बऱ्हाणपूरचे टोपीवाले सेठ दर अखाजीला यायचे. काटा लावायच्या आधी उपरण्याची गाठ सोडून लवंगेच्या वासाच्या बिया काढायचे आणि देवीचा प्रसाद म्हणून घरटी चार-चार वाटायचे. तो प्रसाद खायचा नाही, पेरणीच्या वेळी टेकडीवर खोचायचा. सगळ्या उगवत नसत, पण काही उगवत. मग एका वर्षी सेठ आलेच नाहीत. चैत्रातच कोणी दुसराच माणूस गोण्या घेऊन आला आणि दुप्पट भाव सांगून गेला. त्या वर्षापासून कोणी बी खोचली नाही. गेल्या साली सभेत तुमची टोपी पाहून त्यांना वाटलं, तेच सेठ परत आले. म्हणून म्हणाल्या होत्या, फार दिवस लावलेत.

आता त्रेचाळिसांतली आजोबांची किती आणि पाखरांनी लावलेली किती, हे कोणीच सांगू शकत नाही. पण सगळ्यात लहान झाड तीसेक वर्षांचं आहे, हे निंबादादांनी आपल्या घरची गोष्ट कळायच्या कितीतरी आधी सांगितलं होतं. मी टेकडीवर जाऊन त्या झाडाखाली बसले आणि पोटभर रडले. दुःखाने नाही, काका. आजोबांना मी कधी पाहिलं नाही. त्या दिवशी पाहिल्यासारखं वाटलं.

गेल्या पावसात निंबादादांनी लावलेल्या बियांची एकोणीस रोपं आली होती. दोन बकऱ्यांनी खाल्ली, सतरा आहेत. मुलांनी प्रत्येकाला नाव दिलं आहे. एकाचं नाव मोतीसेठ. ते सगळ्यात जाडं आहे.

अखाजी १९ तारखेला, रविवारी. मुलांनी टेकडीवर खड्डे आत्ताच खणून ठेवलेत. प्रसाद मी वाटणार होते, पण आईंनी हात धरला. तो सेठच्याच हातून घ्यायचा असतो म्हणाल्या. तेव्हा बिया परत पुरचुंडीत बांधून ठेवल्या आहेत आणि निलेशला पुढची सीट राखायला सांगितलं आहे. आत्या आणि काकूला मागे बसवा.

येताना टोपी घालून या. नाहीतर आई ओळखायच्या नाहीत.

वाट पाहणारी,
वैजयंती